पोरांचे कान वाढतात

कानमावशीला कंपनीत लागून बावीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत किती कान घडवले असं कुणी विचारलं, की ती म्हणायची, "मोजत बसले असते तर घडवले कधी असते?"

कंपनी श्रवणयंत्रं बनवायची. यंत्राचा नाजूक भाग वरच्या मजल्यावर पांढऱ्या टोप्या घातलेली शिकलेली मंडळी जुळवायची. मावशीचं खातं तळमजल्यावर, साच्यांचं. यंत्र कितीही भारी असो, ते कानात बसायला ज्याच्या त्याच्या कानाच्या मापाचा साचा लागतोच. कानात मऊ रबर भरून घेतलेला ठसा लहानशा डबीतून तिच्यापुढे यायचा. डबीवर नंबर, वय, डावा की उजवा. त्यावरून ती साचा ओतायची, कडा घासायची, बारीक भोक पाडायची आणि शेवटी तो स्वतःच्या गालावरून फिरवून बघायची. जरा खरखरीत लागला की परत घासायला. खात्यातली पोरं चेष्टा करायची, "मावशी, तुम्ही जावई शोधायला गेलात तर आधी त्याचे कान बघाल." त्यावर ती गंभीर चेहऱ्याने सांगायची, की बघितले होते आणि जावई चांगला निघाला.

कानाचा मालक कोण, हे तिला कधी कळत नसे. ती नंबराने माणसं ओळखायची. पाचशे चौदाचा उजवा कान अरुंद, सहाशे दोनच्या डाव्याला आत वळण. जाडजूड वहीत प्रत्येक नंबरापुढे तारीख टाकायची. संगणक आला, तरी वही सुटली नाही. साहेब लोकांनी दोनदा सांगून पाहिलं, मग नाद सोडला.

कंपनी सामाजिक बांधिलकी म्हणून मुलांना यंत्रं फुकट द्यायची. दोन वर्षांपूर्वी एकशे बारा मुलांना दिली होती. मोठा हॉल, फुलांचे गुच्छ, यंत्र लावल्यावर डोळे विस्फारणाऱ्या पोरांचे फोटो. त्यातला एक फोटो अजून कंपनीच्या दारात टांगलेला होता. या वर्षी एकदम तीनशे मुलं करायची असं मोठ्या साहेबांच्या मनात होतं. हे काम बघणारी मॅडम तरुण, धडपडी, बोलायला गोड. एके सकाळी ती दोन याद्या घेऊन साच्यांच्या खात्यात उतरली.

"मावशी, नव्या यादीत जुन्यातलं कुणी परत आलं नाहीये ना, तेवढं तुमच्या वहीतून बघून द्याल? एका मुलाला दोनदा नको द्यायला."

मावशीने चष्मा लावला आणि जुने नंबर काढायला बसली. पहिल्या नंबरापुढे एकच तारीख. दुसऱ्यापुढे एकच. दहा-बारा नंबर झाल्यावर तिचा हात थांबला. पैसे भरून यंत्र घेणाऱ्यांच्या पोरांचे नंबर तिच्या वहीत वर्षातून दोनदा तरी यायचे. चार-पाच वर्षांच्या पोराचा कान वाढतो. मागच्या वर्षीची चप्पल जशी यंदा होत नाही, तसा साचाही होत नाही. तो कानात ढिला पडतो, यंत्र शिट्ट्या मारायला लागतं, भलत्याच जागी रुततं. नवा साचा करावाच लागतो. हे तिला पाढ्यांसारखं पाठ होतं. आणि इथे एकशे बारा नंबर, प्रत्येकापुढे एकच तारीख. ही पोरं वाढलीच नव्हती की काय?

तिला स्वतःची लाज वाटली. वही दोन वर्षं तिच्याच टेबलावर होती. नवा ठसा आला की साचा करायचा, एवढंच तिने पाहिलं होतं. जो आला नाही त्याच्याकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं.

"मॅडम, ही पोरं यंत्र लावतात का हो?"

"लावतात की! दोन वर्षांत एकही तक्रार नाही आली."

"एकही नाही?"

"एकही नाही," मॅडम अभिमानाने म्हणाली. बावीस वर्षांत तक्रार न करणारं गिऱ्हाईक तिने पाहिलं नव्हतं.

घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "तुला कुणी सांगितलीय ही नसती उठाठेव? रिटायर व्हायला तीन वर्षं राहिलीत, गुपचूप काढ." आणि सुट्टीच्या दिवशी, यादीतल्या सगळ्यात जवळच्या पत्त्यावर जायला तोच आधी चपला घालून दारात उभा राहिला. बायकोला रस्ते सापडत नाहीत, ही त्याची जुनी समजूत.

दुसऱ्या मजल्यावरची खोली. खिडकीशी शिवणाचं यंत्र, भोवती शाळेच्या गणवेशांच्या बाह्यांचा ढीग. बाई काजं करत होती. शेजारी जमिनीवर सहा वर्षांची मुलगी बटणं रंगाप्रमाणे लावत बसली होती. दार वाजलं, माणसं आत आली, तरी तिने मान वर केली नाही. मावशीने कंपनीचं नाव घेतलं, तशी बाईच्या हातातली सुई थांबली.

"यंत्र परत न्यायला आलात का?"

"नाही हो. नुसतं बघायला."

बाईने कपाट उघडलं. वरच्या कप्प्यातून डबा काढला, डब्यातून बाळाचा जुना स्वेटर, आणि स्वेटरच्या घडीतून यंत्र. "बघा, एक ओरखडा नाही. जिवापाड जपलंय."

मावशीने साचा हातात घेतला. तिचाच होता. चार वर्षांच्या पोरीचा.

"लावते का ती?"

बाई आधी हो म्हणाली, आणि मग तिचा बांध फुटला. पहिले चार महिने पोरगी हाक मारली की वळायची. 'आई' म्हणायला लागली होती. मग यंत्र शिट्ट्या मारायला लागलं आणि ही ते उपसून फेकायला लागली. "आधी समजावलं. मग ओरडले. मग मारलंसुद्धा. मला वाटलं, हट्टीपणा करते. एवढं महागाचं यंत्र मिळालं, त्याची किंमत नाही कार्टीला. शेवटी म्हटलं, मोडून ठेवेल, म्हणून आत ठेवलं."

"कंपनीत कळवलं नाहीत?"

"फुकट मिळालेल्या वस्तूची तक्रार कोण करतं? म्हणाले असते, तुम्हाला नीट वापरता येत नाही. आणि घेऊन गेले असते."

मावशीने तिला कान वाढण्याची गोष्ट सांगितली. सांगताना तिने मुलीला जवळ ओढलं आणि साचा तिच्या कानापाशी धरला. शेंबड्या पोरालाही दिसलं असतं, की तो आता या कानाचा राहिलेला नाही. बाईने साचा घेऊन पुन्हा स्वतः लावून बघितला.

"म्हणजे हिचा हट्ट नव्हता?"

"नाही. तुमचीही चूक नव्हती."

"मग कुणाची?"

नवऱ्याने घसा खाकरला. मावशी म्हणाली, "आमची."

"आता बोलेल ती?"

खोटा धीर द्यायचा मोह तिला झाला, पण तिने तो दिला नाही. "ते मला सांगता येत नाही. दोन वर्षं गेली ती गेली. पण साचा मी तिला या आठवड्यात करून देते."

सोमवारी तिने मॅडमला सगळं सांगितलं. मॅडमचं तोंड उतरलं. "मावशी, हॉल ठरलाय. पाहुणे ठरलेत. आत्ता हे काढायचं?" मावशी म्हणाली, "तुम्ही त्या घरांत फोन तर करून बघा," आणि वही काखोटीला मारून, भेटीची वेळबीळ न मागता, दोन दिवसांनी मोठ्या साहेबांच्या दारात जाऊन उभी राहिली. मोठ्या साहेबांपुढे ती आयुष्यात तिसऱ्यांदा उभी होती. पहिल्या दोन वेळा त्यांनी तिला घड्याळ आणि शाल दिली होती. वही तिने घट्ट धरली होती.

"तीनशे देऊ नका असं मी म्हणत नाही साहेब. पण आधीची एकशे बारा कपाटात पडलीत. ही तीनशे अशीच दिलीत, तर कपाटात चारशे बारा होतील."

साहेबांना राग आला. माणूस वाईट नव्हता. चांगलं काम करतोय अशा समजुतीत असलेल्या माणसाला मध्येच थांबवलं, की येतो तसा राग. "मावशी, तुमचं काम साचे करायचं. धोरण आम्ही बघतो."

"तेच म्हणतेय साहेब. साचे करायला द्या."

साहेबांनी मॅडमला बोलावून घेतलं आणि खरं काय ते विचारलं. मॅडमने हातातला कागद दोनदा दुमडला आणि उलगडला. एका वाक्यात ती मावशीला खोटं पाडू शकली असती, आणि तिचा कार्यक्रम थाटात झाला असता. ती म्हणाली, "काल दिवसभर फोन केले सर. चाळीस घरं लागली. त्यातल्या छत्तीस ठिकाणी यंत्र बंद आहे."

"मग या वर्षीच्या अहवालात आपण काय लिहायचं? नवी मुलं किती?"

"शून्य, सर. यंदाचा वेळ आणि पैसा जुन्यांच्याच साच्यांना लागेल."

साहेब वैतागून म्हणाले, "एक वर्ष. जुनी मुलं शोधा, साचे करा. पण पुढच्या वर्षी मला मोठा आकडा पाहिजे." मावशी मान डोलावून बाहेर आली आणि जिन्यातच खाली बसली. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

एकशे बारातली एक्याण्णव सापडली. काहींनी घर बदललं होतं. एका नऊ वर्षांच्या मुलाच्या आईने सांगितलं, की आता त्याला हातवाऱ्यांची सवय झालीय, परत नको ती कटकट. मावशी तिच्याकडे तीनदा गेली आणि तिन्ही वेळा हात हलवत परत आली. सगळं गोड झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. पण दर शनिवारी कंपनीच्या तळमजल्यावर बाकं भरायची. कान तपासणारी डॉक्टरीण ठसे घ्यायची आणि मावशी आपले साचे आपल्या हाताने कानात बसवायची. आता तिच्या नंबरांना चेहरे मिळाले होते.

बटणं लावणारी पोरगी पहिल्या शनिवारीच आली होती. हाक मारली की वळायला लागली, पण तोंडातून चकार शब्द नाही. सहा महिन्यांनी दुसरा साचा झाला, तरी नाही. आई विचारायची थांबली आणि मावशीनेही विषय काढला नाही.

वर्ष झालं, तिसरा साचा आला. मावशीने तो कानात सरकवून हलकेच दाबला, तशी पोरीने मान झटकन बाजूला घेतली. ती आता यंत्र उपसून फेकणार, म्हणून आईने तिचे हात धरले. पोरीने हात सोडवून घेतले आणि मावशीच्या तोंडाकडे बघून, जड, वाकड्या उच्चारात म्हणाली, "दुखतं."

आई दचकली. "गप गं! असं म्हणू नये. एवढं फुकट करून देतात त्या..."

"बोलू दे तिला," मावशी म्हणाली. कामाला नाव ठेवलेलं तिला आजवर खपलं नव्हतं, आणि आज तिचे डोळे भरून आले होते. तिने पोरीसमोर वाकून, सावकाश, ओठ नीट हलवत विचारलं, "कुठे दुखतं?"

पोरीने कानाच्या आतल्या वळणावर बोट ठेवलं. मावशीने साचा काढला, तेवढीच जागा घासली आणि परत बसवला.

"आता?"

पोरीने जरा विचार केला. "अजून दुखतं."

मावशी परत घासायला बसली.