बुधाजी बुवांनी लावलेली व्हॉट्सॲपची बारी

बुधाजी बुवांची गिरणी बंद पडली, पण गळा चालू राहिला. डबल बारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात, ते समोरच्याला घाम फोडायचे आणि उतरल्यावर त्यालाच चहा पाजायचे.

लालबागची आमची चाळ टॉवरसाठी पाडली. निम्मी माणसं अँटॉप हिलला गेली, निम्मी वरळीला. एकत्र उरला तो व्हॉट्सॲप ग्रुप. त्यातही यंदाच्या सत्यनारायणावरून जुंपली. अँटॉप हिलची सुचित्रा म्हणे पूजा आमच्याकडे, वरळीचा अजित म्हणे आमच्याकडे. सगळे एकदम लिहीत, मध्येच कोणी गुलाबाचं फूल लावून शुभ सकाळ करी. शेवटी अजितने जाहीर केलं, "आम्ही वेगळा ग्रुप काढतो."

बुवांना जेवण जाईना. "मी काय अर्धो हय गावू नि अर्धो थय?"

"आजोबा, ॲडमिन तुम्ही आहात. दम द्या ना," नात मानसी म्हणाली.

"दम नको. बारी लावया."

मानसीने सेटिंग बदललं. आता फक्त ॲडमिन लिहिणार, आणि ज्याची बारी त्याला बुवा तेवढ्यापुरतं ॲडमिन करणार. नियम भजनातलाच : समोरच्याला जवाब दिल्याशिवाय आपला सवाल टाकायचा नाही. पहिली बारी अजितची. बुवांनी त्याला फोन केला. "आधी सुचित्राचा म्हणणा काय ता लिव्ह, मगे तुझा."

"बुवा, ही काय शाळा आहे?"

"शाळेत तू कधी गेलंस?"

बराच वेळ ग्रुपवर नुसतं 'टायपिंग' दिसत राहिलं. मग उमटलं, "सुचित्राताईंचं म्हणणं, त्यांच्या सासूबाईंचे, कमलाबाईंचे, गुडघे गेलेत. त्यांना वरळीपर्यंत येववणार नाही." सुचित्राने हे तीनदा लिहिलं होतं. तिन्ही वेळा ते गुलाबांखाली गाडलं गेलं होतं. लहानपणी याच कमलाबाईंच्या हातचे घावणे खाऊन अजित एवढा रुंद झालेला.

पुन्हा 'टायपिंग'. मग, "पूजा अँटॉप हिललाच करू. पण तिथे पंगत बसणार कुठे?"

सुचित्राची बारी. "अजितचं म्हणणं, आमच्याकडे पंगतीला जागा नाही. खरंय. दोन पंगती करू. दुसरी बसेपर्यंत बुवा गातील. वाढायला अजित."

अजितची बारी. "सुचित्राताईंचं म्हणणं, वाढायला मी. कबूल. पण एकदा सुरू झालेल्या बुवांना थांबवायला कोण?"

बुवांनी तिथल्या तिथे त्याचं ॲडमिनपद काढून घेतलं.