दाबून मोजलेलं चाक

दूध तापत होतं, हे बनियनवर पेपर वाचत होते आणि मी कालच्या कपड्यांच्या घड्या घालत होते, तेवढ्यात दार वाजलं. चांगली बेल असताना दारावर बोटांची हाडं आपटणारा माणूस आमच्या नात्यात एकच. यांचे मामा.

यांनी पेपर आणखी वर धरला. "मी अंघोळीला गेलोय म्हणून सांग."

"पेपर घेऊन?" म्हणत मी दार उघडलं.

मामा आत आले, पण बसले नाहीत. खिशातून रुमाल काढला, रुमालातून शर्टाच्या बटणापेक्षा जरा मोठी अशी दोन काळी चाकं काढली आणि टेबलावर ठेवली.

"सूनबाई, तूच सांग. ही चाकं चोराची दिसतात का?"

मला आदल्या दिवशीचं सगळं ठाऊक होतं. कळल्यापासून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, फक्त मामांच्या तोंडून ते ऐकायचं बाकी होतं.

मामांनी जन्मभर मोटारींच्या सीटना गाद्या आणि कव्हरं केली. दुकान मुलाच्या हाती दिलं आणि स्वतः शर्यतीच्या नादी लागले. शर्यत म्हणजे खेळण्यातल्या गाड्यांची. हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत लाकडी ट्रॅक आहे, त्यात खाचा. गाडीची खुंटी खाचेत बसते, खाचेच्या दोन्ही कडांच्या पट्ट्यांतून वीज येते, आणि हातातला खटका दाबावा तशी गाडी पळते. वळणावर जास्त दाबला की गाडी खाच सोडून थेट जमिनीवर. तिथे तोल राहतो तो चाकांच्या पकडीवर. म्हणून मामा बाजारातली रबरी चाकं वापरत नाहीत. फोमची घरी करतात.

त्यांचं ते करणं मी बाल्कनीत बसून पाहिलंय. आधी फोम बोटांत चुरगाळून बघायचा. पटकन उसळला नाही तर बाद. मग धार लावलेल्या नळीने गोल चकत्या पाडायच्या, मध्ये भोक, रिमला गोंद. गोंद ओला असताना घाई केली तर चकती सरकते, म्हणून बोटाला चिकटेनासा होईपर्यंत गप्प बसायचं. मामा गप्प बसतात ते तेवढ्याच वेळात. मग शिलाई मशिनच्या जुन्या मोटरीवर चाक गरगर फिरवायचं आणि लाकडी ठोकळ्याला लावलेला पॉलिशपेपर हलकेच टेकवायचा. आधी खरखरीत, मग बारीक. शेवटी कडेला गोंदाचं बोट, म्हणजे कडा फाटत नाहीत. उडणारा काळा भुगा सगळा मामींच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर.

"माझी उशी दगड झालीय," मामी म्हणतात, "आणि हे तळहाताएवढ्या गाडीला गाद्या करतात!"

तर काल मामांची गाडी पहिली आली. शर्यतीनंतर चाकांची मापं घेतात. चाक तासून लहान केलं की गाडी खाली बसते आणि वळणावर टिकते, पण फार लहान असेल तर तिचं पोट पट्ट्यांवर घासतं, म्हणून कमीत कमी किती मोठं हवं ते ठरलेलं. माप घेणारे पंच कोण? आमचे हे. मापाची चिमट्यासारखी पट्टी घेतली आणि मामांच्या चाकावर अशी आवळली की फोम बिचारा चपटा झाला. माप कमी भरलं. निकाल रद्द. शिवाय भिंतीवरच्या फळ्यावर मामांच्या नावापुढे खडूने लिहिलं, 'चाकं तासून फसवणूक'. फळा मोसम संपेपर्यंत पुसत नाहीत.

"अरे बाळ्या, फोम आहे तो!" मामा म्हणाले. "दाबला की दबणारच. तुझ्या पोटाला टेप आवळली तर तूही बारीक भरशील."

"नियम सगळ्यांना सारखा, मामा."

"सारखा?" माझ्या हातातला टॉवेल खाली पडला. "काल रात्री तुम्हीच सांगत होतात, बाकीच्यांच्या चाकांना पट्टी नुसती टेकवलीत म्हणून."

"त्यांची रबरी होती."

"आणि फोमवाला तो चष्मेवाला? त्याच्या चाकांनाही नुसती टेकवलीत ना?"

यांनी पेपरची घडी घातली, उलगडली, परत घातली. "मामा माझे आहेत. सोडलं असतं तर लोक म्हणाले असते, भाच्याने सांभाळून घेतलं."

म्हणजे बघा! लोक बोलतील म्हणून घरच्या म्हाताऱ्याला चोर ठरवायचं आणि वर निःपक्षपातीपणाची टिमकी वाजवायची. परक्याला चुकून झुकतं माप गेलं असतं तर मी समजू शकले असते. पण आपल्याच माणसाला मुद्दाम कमी मोजणं हा कुठला न्याय?

मी ड्रॉवरमधून यांची तीच मापाची पट्टी काढून यांच्यापुढे आपटली. "मोजा. आत्ता."

यांनी मोजलं. पट्टी नुसती टेकवली. वाचलं, पुन्हा टेकवली, आणि दुसरं चाक उचललं. मग कान खाजवला.

"किती?" मी विचारलं.

"बसतंय मापात." आवाज इतका खाली की दुधालाच ऐकू गेला असेल. "पण मामा, आता निकाल जाहीर झालाय. मी पंच. सगळ्यांसमोर मी चुकलो म्हटलं तर उद्या माझं कोण ऐकणार?"

"आणि माझं कोण ऐकतंय?" मामा ओरडले. "जिन्यात तो हार्डवेअरवाला मला म्हणतो, काय मामा, किती तासलं? जन्मभर गिऱ्हाइकाच्या सीटमध्ये चिंध्या भरल्या नाहीत मी. आणि या वयात चोर? तेही कुणी म्हणायचं, ज्याला मी खांद्यावर बसवून फिरवला त्याने?"

मी दूध उतरवलं आणि मुद्दाम चहा दोनच कप टाकला, मामांचा नि माझा.

मामांनी चहा घेतला, उभ्याउभ्याच. चाकं रुमालात परत बांधताना एकही दबू दिलं नाही.

"बक्षिसाचा कप नकोय मला," ते म्हणाले. "पहिला नंबरही दे कुणाला द्यायचा तो. पुढच्या रविवारी सगळे जमले की हीच चाकं परत मोज. दाबू नकोस. आणि जे माप येईल ते तुझ्या हाताने फळ्यावर लिही. एवढंच कर."