बंदुकीच्या दारूला ऊन दाखवणं

आमच्या घरी मे महिन्यात गच्चीवर कुरडया, सरगुंडे, लाल मिरच्या आणि बंदुकीची दारू एका ओळीत वाळत असे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी लग्न होऊन वर्ध्याहून अमरावतीकडच्या तळेगावला आले, तेव्हा सासूबाईंनी मला कावळे हाकलायला बसवलं. कोपऱ्यातल्या परातीकडे कावळे जात नाहीत, तिकडे बघायची गरज नाही, असं त्यांनी सांगितलं. परातीत राखाडी भुकटी होती. मला वाटलं, दंतमंजन असेल. बरं झालं, चाखून पाहिलं नाही.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची. त्यांच्याकडे शेतराखणीच्या परवान्यावरची जुनी दुनळी बंदूक होती, कारण उन्हाळी भुईमूग रानडुकरं रातोरात उकरून टाकत. विकतची काडतुसं आणणं मामाजींना आळशी माणसाचं लक्षण वाटे. परवान्यावर दारूचा डबा आणायचा आणि उडालेल्या पितळी पुंगळ्या घरीच पुन्हा भरायच्या, ही त्यांची रीत. गव्हाला ऊन दाखवतात, तुरीच्या डाळीला दाखवतात, मग दारूनंच काय पाप केलं? तीन उन्हं दाखवलेली दारू झणझणीत होते, असं त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं. वडिलांनी सांगितलं म्हणजे विषय संपला.

मामाजींना आताशा लांबचं दिसत नसे, म्हणून बंदूक चालवायचं काम आमच्या ह्यांच्याकडे आलं. म्हणजे दारू मामाजींची, खांदा आणि गाल मात्र ह्यांचा. बंदुकीचा लाकडी दस्ता खांद्याला टेकवून, गाल त्याच्यावर ठेवून नेम धरायचा असतो. काही बिघडलंच तर सगळ्यात जवळ नवऱ्याचा चेहरा. तो चेहरा मी नुकताच पसंत केला होता आणि तो होता तसाच राहावा, एवढीच माझी अपेक्षा होती.

संशय मला हळद-चुन्यामुळे आला. बंदूक उडाली की ह्यांच्या खांद्यावर काळानिळा डाग पडे आणि त्यावर लेप लावायचं काम माझं. जानेवारीत हरभऱ्याच्या राखणीला डाग बोराएवढा असायचा. एप्रिलमध्ये लिंबाएवढा झाला. मे महिन्यात थेट संत्र्याएवढा, आणि संत्रंही आंबिया बहाराचं, चांगलं पोसलेलं. बंदूक तीच, खांदा तोच, माप तेच. मग वाढत काय होतं? माझे वडील वर्ध्याला कंपाउंडर होते. उन्हात ठेवलं तर साधं खोकल्याचं औषधही गुण बदलतं, हे त्यांच्याकडून हजारदा ऐकलेलं. मी माहेरचं तापाचं थर्मामीटर परातीशेजारी ठेवून पाहिलं. पारा टोकाला गेला आणि नळी तडकली. गच्चीला ताप आहे, एवढं निदान झालं.

मी ह्यांना म्हटलं, बाबांशी बोला. हे म्हणाले, बोलतो. आमच्याकडे ‘बोलतो’ म्हणजे नाही.

शेवटी अमरावतीच्या दुकानात परवाना घेऊन हेच गेले आणि माझ्या सांगण्यावरून दुकानदाराला विचारून आले, की ऊन असो थंडी असो, एकसारखी चालणारी दारू मिळते का. मिळाली. जाडसर कणांची होती. मी तो डबा गच्चीवर जाऊच दिला नाही, देवघराच्या थंड कोनाड्यात ठेवला. वर्षभर थोडी थोडी वापरून पाहिली. जानेवारीत डाग बोराएवढा आणि एप्रिलमध्येही बोराएवढाच. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी पुरणपोळी केली. कशाबद्दल म्हणून कुणी विचारलं नाही, खाल्ली मात्र सगळ्यांनी.

मामाजींनी एक पोळी जास्त घेतली आणि निकाल दिला, की नव्या दारूत दम नाही. धक्का बसत नाही ती कसली दारू? मिरची तिखट लागली नाही तर ती काय भाजी म्हणायची? डुक्कर काय गुदगुल्यांनी मरणार?

मे लागला. एका रात्रीत भुईमुगाचे चार वाफे उकरले गेले आणि मामाजींचं डोकं फिरलं. त्यांनी जुन्या डब्यातली दारू तीनऐवजी पाच उन्हं तापवली, दोन काडतुसं भरली आणि तीही परत कुरडयांशेजारी ठेवली, गरम राहावी म्हणून. दुपारी चारला डुकरं नाल्याच्या लव्हाळ्यात बसलीत, अशी खबर आली. मामाजींनी मला गच्चीवरून काडतूस आणायला सांगितलं. मी एक उचललं आणि हात भाजून खाली टाकलं. मग पदरात धरून आणलं.

अंगणात हे बंदूक मोडून, म्हणजे नळ्या उघडून, उभेच होते. हात पुढे. मला ते काडतूस त्या हातात ठेवायचं होतं, आणि तो हात त्या गालाचा होता. सासऱ्यांसमोर तोपर्यंत मी चढ्या आवाजात चहासुद्धा विचारला नव्हता.

“मामाजी, हे काडतूस मी ह्यांच्या हातात देणार नाही,” मी म्हटलं. “आधी बंदूक झाडाला बांधा अन् लांबून उडवा. काही झालं नाही तर मी तुमची माफी मागते.”

सासूबाई मिरच्या निवडायच्या थांबल्या. मला वाटलं, आता माहेरी रवानगी. पण मामाजी उठले आणि दोरी आणायला गोठ्यात गेले.

बंदूक बाभळीच्या बुंध्याला आवळली, चापाला दोरी लावली आणि आम्ही चौघं बैलगाडीमागे बसलो. दोरी मामाजींनीच ओढली. आवाज नेहमीसारखा आलाच नाही, काहीतरी फाटल्यासारखा आला. जाऊन पाहिलं तर उजवी नळी बुडाशी केळीच्या सालीसारखी उकललेली आणि दस्त्याचा वरचा भाग गायब. तो बाभळीत रुतला होता. हे आपला गाल चाचपत होते, आहे की नाही ते बघत.

मामाजी त्या दस्त्याजवळ खाली बसले.

“माह्या बापाच्या वक्ती तुह्यासारखी कोणी घरात पाह्यजे होती,” ते मला म्हणाले. “दादाचा डोळा वाचला असता.”

त्यांचे थोरले भाऊ एका डोळ्यानं अधू होते. देवी आल्या त्यात डोळा गेला, असं सगळ्या गावाला माहीत होतं, मलाही तेच सांगितलं होतं. म्हणजे अशीच बंदूक फुटलेली मामाजींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, आणि तरी दरवर्षी परात गच्चीवर नेली होती. मला त्यांची दया यायला हवी होती. मला संताप आला. मग दारू वाळवली कशाला, असं मी तोंडावर विचारलं.

“बापानं सांगतलं होतं,” ते म्हणाले. “त्याले नाई कोन म्हनन?”

संध्याकाळी चुलीशी हे पाटावर जेवायला बसले. मी विचारलं, मी मध्ये पडले नसते तर?

“बाबानं देल्लं असतं त उडवलं असतं,” हे म्हणाले आणि ताट पुढे सरकवलं.

मी भाकरी वाढली.