दांडा जंगलात मिळेल

कोणतंही हत्यार हाती आलं की आमचे सर आधी ते तळहातावर तोलायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, “जड हाय बाप्पा!”

असा एखादा तुमच्याही ओळखीत असेल. शेगावच्या एका शाळेत ते गणित शिकवायचे, मी मराठी. दर हिवाळ्यात आम्ही पाचसहा जण पाठीवर पिशव्या टाकून सोनाळ्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी चालत जायचो. ओळखीच्या शेतकऱ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मुक्काम, पडलेल्या वाळक्या लाकडांची शेकोटी आणि वांग्याचं भरीत. लाकूड फोडायचं काम सरांचं. त्यात ते कुणाला हात घालू द्यायचे नाहीत.

पुढे त्यांचा गुडघा कुरकुरायला लागला. डॉक्टरांनी ओझं उचलायला मनाई केली.

“सर, तुमची कुऱ्हाड मी घेतो,” मी म्हटलं.

“काऊन? मी काय वरातीत चाललो? आपलं वझं आपन न्याव. नाई जमलं त मी येनारच नाई.”

म्हणजे हलकं हत्यार मिळालं तर सर येणार, नाहीतर नाही. आणि सरांशिवाय त्या मुक्कामात काय राम होता?

मग शोध सुरू झाला. विळा लाकडाला पुरेना. कोयता पाहून म्हणाले, “हे त उसाचं काम.” मी घडीची करवत नेऊन दिली. ती चालवून पाहिली आणि परत केली. “माह्या गुडघ्यावानी कुरकुरते हो!”

त्या हिवाळ्यात मात्र सर खुशीत आले. संध्याकाळी धुऱ्यावर त्यांनी पिशवीतून टॉवेलची गुंडाळी काढली. आत कुऱ्हाडीचं लहानसं पातं. नुसतं पातं.

“दांडा काऊन वाहाचा? जंगलात लाकडाची काय कमी हाय? इथंच तोडून घेऊ.”

“कशानं तोडता, सर?”

सरांनी पात्याकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, आणि मग सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले. गणिताचे शिक्षक! त्या दिवशी आम्ही हातानं काटक्या मोडल्या आणि कच्चं भरीत मिटक्या मारत खाल्लं.

पुढच्या वर्षीही हलकं हत्यार काही मिळालं नाही, म्हणून सरांनी यायला नकार दिला. आम्ही निघालो तेव्हा मात्र बसस्टँडवर हजर.

“दूध आनाले निघालो होतो,” ते म्हणाले. हातात ना पिशवी, ना बरणी. पायात डोंगरातले बूट, नाड्या घट्ट बांधलेल्या. आम्ही बसमध्ये चढलो.

बस हलली. मी खिडकीतून ओरडलो, “सर, चढा ना!”

“दूध फाटन ना बाप्पा!” म्हणत त्यांनी दोन्ही रिकामे हात वर केले.