दाजींच्या पाठीमागची भिंत

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, वयाची पन्नाशी उलटेपर्यंत खुर्चीत बसले ते फक्त न्हाव्याच्या. एरवी माणूस एक तर उभा, नाही तर उकिडवा. जेवायला बसले तरी एक गुडघा वर, जणू कोणी हाक मारली तर घास तोंडात ठेवूनच उठायचं आहे. बांधकाम खात्यात ते गवंडी होते. हातात थापी आली की त्यांच्याकडे बघत राहावं. वीट उचलली की आधी एकदा उलटी करायची, एकदा सुलटी करायची, तिचं तोंड कोणतं ते ठरवायचं, मग सिमेंट-वाळूच्या मालावर ठेवून थापीच्या मुठीने वर हलक्या टिचक्या द्यायच्या. झोपलेल्या बाळाला थोपटावं तशा. भिंत वाढू लागली की दाजींच्या चेहऱ्यावर हळूहळू एक समाधान चढायचं, सकाळचं ऊन दारातून आत सरकत यावं तसं.

एके दिवशी मालाचं घमेलं उचलताना त्यांच्या कमरेत कट्‌कन वाजलं. दाजी वाकले ते वाकलेलेच राहिले. चौघांनी त्यांना हातगाडीवर कुशीवर निजवून घरी आणलं. वाटेत एक कुंपणाची भिंत लागली, तर तशा अवस्थेतही डोळे उघडून म्हणाले, "कोणी बांधली रे ही? पोट आलंय तिला."

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "वाकायचं नाही, उचलायचं नाही, चढायचं नाही."

"मग करायचं काय?" दाजींनी विचारलं.

"बसायचं."

डॉक्टरांनी चोरी करायला सांगितल्यासारखं दाजी त्यांच्याकडे बघत राहिले.

खात्याचा एक नियम होता. कामावर असताना कंबर मोडलेल्या माणसाला सहा महिने कचेरीत बसवून बघायचं. जमलं, तर त्याने तसं लिहून द्यायचं आणि कायमचं कारकून व्हायचं. नाही जमलं, तर परत परांचीवर. डॉक्टरांनी माझ्या बहिणीला, अक्काला, बाजूला घेऊन बजावलं होतं की पुन्हा एकदा ही कंबर गेली तर माणूस अंथरुणातून उठायचा नाही. अक्का घरी आली आणि थापी, दोरी, ओळंबा असं सगळं गोणीत भरून तिने माळ्यावर टाकलं. मग शिडी उचलून शेजारच्या काकूंकडे ठेवायला देऊन आली.

"अगं, शिडीने काय केलं तुझं?" दाजी म्हणाले.

"चढायचं नाही म्हणालेत ना? आता चढायलाच काही नाही."

दाजींना टेबल मिळालं ते आवक-जावकचं. कचेरीत येणाऱ्या कागदावर आवकचा शिक्का मारून नंबर टाकायचा, बाहेर जाणाऱ्यावर जावकचा, आणि ज्याचा कागद त्याच्या खणात सरकवायचा. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला न जमण्यासारखं त्यात काही नव्हतं. जमत नव्हतं ते बाकीचं.

पहिल्या दिवशी ते गवंड्याच्या वेळेला, उजाडता उजाडता हजर झाले. कचेरीला कुलूप. शिपाई आला तोवर दाजींनी इमारतीला दोन फेऱ्या मारून तिच्या सगळ्या चिरा तोंडपाठ केल्या होत्या. मग काम हातात आल्यावर त्यांनी ते गवंड्यासारखंच केलं. खाली मान घालून, एकामागून एक, थरावर थर. दुपारच्या जेवणाआधी टेबल रिकामं. त्यांनी उठून शिक्के आणि शाईची गादी नळाखाली धरून स्वच्छ धुतली, उन्हात वाळत घातली आणि घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी साऱ्या कचेरीला पुरणारी ती एकुलती एक गादी दगडासारखी कोरडी. शिक्क्यावाचून एकही कागद हलेना. मोठ्या बाईंनी, म्हणजे हेडक्लार्क बाईंनी, दाजींना बोलावलं.

"मिस्त्री, गादी कोणी धुतली?"

"मीच. हत्यार धुतल्याशिवाय मी कधी घरी गेलो नाही बाई."

"आणि गेलात कुठे, भर दुपारी?"

"घरी. काम संपलं होतं."

"काम संपलं म्हणून घरी जायचं नसतं हो."

"मग काम संपल्यावर काय करायचं?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत हे बाईंना कोणी विचारलं नव्हतं. मग म्हणाल्या, "बसायचं."

दाजी बसू लागले. पण बसणं हे काम आहे, हे काही त्यांना पटेना. संध्याकाळी घरी आले की दारात उभे राहून स्वतःचे तळहात न्याहाळायचे. "अंगाला घाम नाही, हाताला माती नाही, आणि म्हणे कामावरून आलो! अगं, पगार घेताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतं."

"होऊ द्या," अक्का सदरा घडी करत म्हणायची. "इतकी वर्षं तुमच्या सदऱ्यातलं सिमेंट धुता धुता माझ्या हातांचा खरकागद झाला. आता सदरा कसा फुलासारखा येतो घरी. नुसता झटकायचा."

महिने गेले. बाई अधूनमधून विचारायच्या, "मिस्त्री, लिहून देताय ना? मुदत जवळ आली." दाजी म्हणायचे, "विचार करतोय." आणि आम्हाला घरी सांगायचे, "मी गवंडीच आहे. सध्या जरा बसलोय एवढंच." हे ऐकलं की अक्काचा हात पोळपाटावर थांबायचा. पुढची पोळी जरा जाड व्हायची.

पाचवा महिना सरता सरता गंमत झाली. कचेरीच्या मोठ्या खोलीत मधे एक भिंत घालून दोन खोल्या करायचं ठरलं. भिंतीची जागा आखली ती नेमकी दाजींच्या खुर्चीच्या पाठीमागे, हातभर अंतरावर. आणि खात्याने ती बांधायला पाठवलं भोपळ्याला.

भोपळ्या म्हणजे दाजींचा जुना जोडीदार. अंगाने गोल, तोंडाने फटकळ. वीस वर्षं दोघांनी एकाच परांचीवर उभं राहून एकमेकांची उणीदुणी काढत भिंती बांधल्या होत्या. आल्या आल्या त्याने दाजींकडे बघून मोठ्याने सलाम ठोकला.

"काय रावसाहेब! पेन जड नाही ना होत? सांगा हो, दुसरीकडून धरतो."

सारी कचेरी हसली. शिपायाने तर सगळ्यांशी चहाची पैज लावली की मिस्त्री तिसऱ्या दिवशी थापी हातात घेणार म्हणजे घेणार. ही बातमी घरी पोचायला काय वेळ! अक्काने त्याच संध्याकाळी दाजींना समोर उभं केलं.

"त्या भिंतीला बोट लावलंत तर माझ्या गळ्याची शपथ आहे."

"अगं, मी बघणारसुद्धा नाही तिच्याकडे."

बघणार नाही म्हणणं सोपं होतं. पण थापीचा आवाज कानावर येणार, ओल्या मालाचा वास नाकात शिरणार, त्याला काय करणार? शिपाई सांगत होता, पहिल्या दिवशी दाजी थापीच्या ठेक्यावर शिक्के मारत होते. तिकडे टिच टिच, की इकडे ठप ठप. दुसऱ्या दिवशी त्यांची मान दर पाच मिनिटांनी मागे वळू लागली, घुबडासारखी.

तिसऱ्या दिवशी दाजी डॉक्टरांनी दिलेला कमरेचा पट्टा घरीच विसरले आणि अक्काने मला पट्टा घेऊन पिटाळलं. मी कचेरीत पोचलो तेव्हा भिंत छातीपर्यंत आली होती. दाजी खुर्चीत अर्धे पुढे, अर्धे मागे असे पिळलेल्या टॉवेलसारखे बसले होते आणि एक डोळा मिटून भिंतीकडे बघत होते.

"डावीकडे चाललीय," ते पुटपुटले.

"काय म्हणालास?" भोपळ्याने विचारलं.

दाजींनी टेबलावर दोन्ही हात टेकले. कंबर उचलली. खोलीतली सगळी पेनं थांबली. शिपायाच्या चेहऱ्यावर चहा दिसू लागला. माझ्या डोळ्यांपुढे मात्र अक्का उभी राहिली, आणि मी पट्टा तसाच हातात धरून खिळून गेलो. दाजी क्षणभर तसेच अधांतरी राहिले, ना उभे ना बसलेले. मग एक मोठा श्वास सोडून खाली बसले, खणातून कोरा कागद काढला आणि लिहू लागले. सावकाश, एक एक अक्षर घोटून. लिहून झाल्यावर कागदावर जावकचा शिक्का मारला, नंबर टाकला आणि शिपायाला हाक मारली.

"हे गवंड्याला दे."

"कोणत्या गवंड्याला?"

"मागच्या."

शिपायाने कागद घेतला आणि रीतसर टेबलाला वळसा घालून भोपळ्याच्या हातात दिला. भोपळ्याने तो लांब धरून मोठ्याने वाचला. "प्रति, गवंडी, मधली भिंत. विषय: भिंत डावीकडे कलल्याबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर भिंत खालच्या थरांपासूनच डावीकडे कललेली दिसून येते. तरी आपण त्वरित खुलासा करावा." त्याने कागद खाली केला. "अरे, हातभरावर बसलायस! तोंडाने सांग की!"

"तोंडी चालत नाही," दाजी पुढे बघत म्हणाले. "लेखी उत्तर द्या."

"द्या? मला द्या म्हणतोस? लेका, वीस वर्षं एका घमेल्यातला माल वापरला आपण!"

"ते तोंडी होतं."

भोपळ्याने कागदासाठी खिसे चाचपले. कागद काही निघाला नाही. मग त्याने कानावरची पेन्सिल काढली, एक वीट उचलली आणि तिच्यावर खरडून ती शिपायाच्या हातात ठेवली. शिपाई ती दोन्ही हातांनी धरून पुन्हा वळसा घालून आला. दाजींनी वीट घेतली, सवयीने एकदा उलटी केली, एकदा सुलटी केली आणि वाचलं. "पत्र मिळाले. भिंत सरळ आहे. आपण वाकडे बसला आहात."

दाजींनी शिक्का उचलला, विटेवर आवक उमटवली आणि खाली नंबर टाकला. विटेने शाई कागदापेक्षा झकास धरली.

तेवढ्यात मोठ्या बाई बाहेर आल्या. त्यांनी आधी पत्र वाचलं, मग वीट वाचली. हसू दाबता दाबता त्यांची हनुवटी हलत होती. म्हणाल्या, "मिस्त्री, खुलासा मान्य आहे?"

"जागेवर पाहणी करावी लागेल."

"करा. पण बसून."

मी आणि शिपायाने दाजींना खुर्चीसकट फिरवून भिंतीसमोर नेलं. भोपळ्याने वरच्या विटेवरून ओळंबा सोडला. लोलक थोडा वेळ इकडेतिकडे हलला, मग शांत झाला. दाजींनी उजवा डोळा मिटून पाहिलं, मग डावा मिटून पाहिलं. वरपासून खालपर्यंत दोरी आणि विटा यांच्यामधली फट एकसारखी होती, कुठे केसाचाही फरक नाही.

"सरळ आहे," दाजी हळूच म्हणाले.

मला वाटलं, आता भोपळ्या त्यांची सालटी काढणार. पण तो दोरी गुंडाळत राहिला. खुर्चीतल्या या माणसाच्या नुसत्या नजरेवर इमारती उभ्या राहिल्या होत्या. ओळंबा लावायचा तो दुसऱ्यांची खात्री पटवायला; दाजींना तो कधी लागला नव्हता. ती नजर पाच महिने खुर्चीत बसली होती आणि खुर्चीबरोबरच कलली होती.

"पट्टा लाव रे," भोपळ्या शेवटी म्हणाला. "विनापट्ट्याचा बसलास तर सगळं जगच डावीकडे जाणार."

मी पट्टा पुढे केला. दाजींनी तो सदऱ्यावरूनच करकचून बांधला आणि पुन्हा भिंतीकडे बघितलं. मग त्यांच्या पोटातून हसू वर आलं, इतकं की कंबर दुखली आणि ते हसत हसतच कण्हले. "गेली! नजर गेली की रे माझी! आता मी कुठला गवंडी!"

खुर्ची परत टेबलापाशी नेल्यावर त्यांनी आपल्या पत्राच्या कडेला लिहिलं, 'खुलासा मान्य. प्रकरण बंद.' मग दुसरा कागद घेतला आणि कचेरीत कायमचं राहायला तयार असल्याचं लिहून बाईंपुढे धरला. बाईंनी वाचला आणि म्हणाल्या, "तारीख राहिली."

दाजींनी तारीख घातली. मी दारापर्यंत गेलो होतो, अक्काला कधी एकदा सांगतो असं झालं होतं. तेवढ्यात मागून भोपळ्याचा आवाज आला.

"रावसाहेब, ती वीट द्या इकडे. वरच्या थराला लागेल."

"मिळणार नाही," दाजी म्हणाले.

"का?"

"आवक झालीय. आवक झालेला कागद असा परत देता येत नाही."

"मिस्त्री, अहो ती वीट आहे," बाई म्हणाल्या.

"बाई, नंबर पडला की कागदच." आणि मागे न बघता, पेन टोपणात घालत, दाजी भोपळ्याला म्हणाले, "हवी असेल तर मागणी अर्ज करा."

भोपळ्याने इकडेतिकडे पाहिलं, कानावरची पेन्सिल काढली आणि दुसऱ्या विटेकडे हात नेला.

"कागद द्या रे त्याला कोणीतरी!" बाई ओरडल्या.