लमूनच्या टाकीतलं पुण्य

लमून म्हणजे थाई भाषेत मऊ, हळुवार. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, त्यातली गत. आमच्या बान पोंगच्या बाजारात लमून वर्षानुवर्षं शेवयांचं दुकान चालवते आणि सकाळी पहिल्याच गिऱ्हाइकाला झापून बोहनी करते. "पाय झटकून ये! शेवया काय पळून चालल्यात?" तरी लोक तिच्याकडेच जातात. तांदळाच्या तसल्या बारीक शेवया, डुकराच्या हाडांचा तो रस्सा आणि तिने हाताने मळून वळलेले माशाचे गोळे दुसऱ्या कुणाला जमत नाहीत. तोंड कडू, पण हात गोड.

साठीला आल्यावर ह्या बाईने एक हट्ट केला. तिने चांगला लांबरुंद फिशटँक विकत घेतला. आमच्या गावाभोवती रंगीत मासे पैशाला पासरी, मळ्यागणिक तळी आहेत, तेव्हा इथल्या माणसाला माशाचं अप्रूप असायचं कारण नाही. पण लमूनला मासे नको होते, रान हवं होतं. दुपारी दुकान थंडावलं की ती चिमट्याने एकेक रोप तळच्या मातीत खोचायची, वाळक्या फांदीला शेवाळ दोऱ्याने बांधायची. टाचणीएवढे निळे मासे तिने शेवटी सोडले, रानात पाखरं हवीत म्हणून.

तिची मुलगी ओर्नुमा गल्ल्यावर बसते. ती म्हणाली, "आई, ह्याचा उपयोग काय?"

"जन्मभर मी जे जे केलं, ते लोकांनी दहा मिनिटांत खाऊन टाकलं," लमून म्हणाली. "हे कुणी खाणार नाही. हाच उपयोग."

दुकानात टाकीच्या दिव्यासाठी विजेचा मोकळा प्लग एकच होता, भिंतीवरच्या बुद्धाच्या फळीखाली. टाकी तिथेच ठेवली. तेव्हा कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पावसाळा सरता सरता टाकीत किडे दिसले. पांढरे, दोऱ्यासारखे, काचेवर वळवळणारे. आधी चार-पाच, मग मूठभर, मग काचेला झालरच लागली. खाटकाचं दुकान असतं तर खपूनही गेलं असतं. पण शेवयांच्या दुकानात हुबेहूब शेवयांसारखे किडे! शाळेतल्या एका बाई टाकीजवळच्या टेबलावर बसल्या होत्या. त्यांनी काचेकडे पाहिलं, वाडग्याकडे पाहिलं, पुन्हा काचेकडे पाहिलं आणि हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. त्या दिवसापासून ते टेबल रिकामं राहू लागलं. मग त्याच्या शेजारचंही.

समोर हुआयचं कोंबडी-भाताचं दुकान आहे. हुआय आणि लमून ह्यांचं तरुणपणापासून विळ्या-भोपळ्याचं सख्य. हुआय रस्त्यावर येऊन गिऱ्हाइकांना हाका मारू लागली, "या, बसा! आमच्याकडे ताटातलं काही वळवळत नाही हो!"

ओर्नुमाने एका संध्याकाळी सरळ सांगितलं, "आई, दोन सोडती थांबते. तोवर किडे गेले नाहीत तर टाकी देवळात देऊन टाकायची. मी बोलून ठेवलंय, त्यांची गाडी येईल." आमच्याकडे महिना लॉटरीच्या सोडतीवर चालतो, एक तारखेची आणि सोळाची. म्हणजे महिन्याभराची मुदत. लमून झापायचं सोडून बादली शोधू लागली.

लमूनने सगळं पाणी उपसून नवं भरलं. किडे आठवड्यात परतले. तिने मीठ टाकलं, तर किडे मजेत आणि रोपांनी माना टाकल्या. तेव्हा ती रंगीत मासे विकणाऱ्या तोयकडे गेली.

"हा रोग नाही, मावशी," तोय म्हणाला. "मातीत असतातच हे, निरुपद्रवी. वाढतात ते उरल्यासुरल्यावर. घरात मुंग्या झाल्या तर तू मुंग्यांना शिव्या देतेस, का साखर कुठे सांडली ते बघतेस?"

"दोघींना देते. आणि मी चिमूटभरच खाद्य घालते!"

"मग दुसरं कुणीतरी जेवण वाढतंय."

लमून फणकाऱ्यातच परतली आणि बाह्या सरसावून रोपांच्या मुळाशी चिमटा घातला. पहिला निघाला तो माशाचा गोळा. फुगलेला, बुळबुळीत, पण तिचाच. आपला गोळा ती अंधारातही ओळखेल. मग डुकराच्या कुरकुरीत कातडीचा तुकडा, मग पाव, मग भात, जो तिच्या दुकानात मिळतसुद्धा नाही.

"कोणाचं हे?" ती गरजली.

सगळ्यांनी वाडग्यात डोकी घातली. मग कोपऱ्यातून सानितने हात वर केला. सानित मोटरसायकलवरून सवाऱ्या नेतो आणि रोज इथेच जेवतो. "मी एकच टाकतो. सोडत जवळ आली की. बुद्धाला हात जोडायचे आणि खालच्या जिवांना घास द्यायचा. पुण्य लागतं."

"मी पण," दुसरा म्हणाला.

"मी भात घरून आणते," एक म्हातारी म्हणाली.

लमूनने ओर्नुमाकडे पाहिलं. ओर्नुमा सुट्टे पैसे लावत बसली. "आई, मी फक्त दोनदा..." घ्या! टाकी हाकलायला निघालेलीसुद्धा पंगतीत होती.

लमूनने पाटी लावली, माशांना काही घालू नये. पालथ्या घड्यावर पाणी. पाटी दुसऱ्यांसाठी असते अशी आमच्याकडे प्रत्येकाची खात्री. सानितने ती मोठ्याने वाचली आणि वाचता वाचता गोळा सोडला. लमून पळी घेऊन धावली, तर चोर तो चोर वर शिरजोर.

"लमून," तो शांतपणे म्हणाला, "दुसऱ्याच्या पुण्याच्या आड येणाऱ्याचं काय होतं, ठाऊक आहे ना?"

लमूनचा हात जागीच थांबला. ठाऊक होतं, आणि ती ते मानतही होती. घरी जाऊन ती राग भांड्यांवर काढत राहिली. खरं तर तिला भीती वाटत होती. तिचं रान चाललं होतं, आणि नेणारे तिच्यावर प्रेम करणारे लोकच होते.

पहिली सोडत दोन दिवसांवर आली असताना ती देवळात गेली. उपासाचा दिवस होता. अंगणात दोन बायका एकाच झाडूसाठी भांडत होत्या. "मी आधी धरला, आज झाडायचं पुण्य माझं!" लमून क्षणभर बघत राहिली आणि मोठ्याने हसली. भिख्खूंनी वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बुद्धाच्या फळीखाली एक रबरी नळी आणि बादली आली. सानित गोळा चिमटीत धरून आला.

"सानितदादा, खरं सांग. भरल्या पोटावर खायला घालण्यात पुण्य किती? आणि घाणीत अडकलेल्या जिवाला स्वच्छ पाणी देण्यात किती?"

सानितने विचार केला. माणूस प्रामाणिक. "दुसऱ्यात जास्त."

"मग ती नळी धर. गोळा तू खा."

नळीने पाणी ओढायचं तर आधी तोंडाने ओढावं लागतं. सानितने जरा जोरातच ओढलं. गाळाची चूळ बाहेर फेकून तो खोकू लागला, तेव्हा लमून म्हणाली, "सोसायचं. पुण्य स्वस्त असतं तर हुआयनेही घेतलं असतं." दुकान खदखदून हसलं. बादलीत काळा गाळ आला, उष्टं आलं आणि किड्यांचे पुंजके आले.

सोडतीत सानितच्या तिकिटाचे शेवटचे दोन आकडे लागले, छोटंसं बक्षीस मिळालं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. पण हे बान पोंगला कोण सांगणार? मी तरी नाही सांगितलं.

मग काय, नळीसाठी रांग! रोज पाणी उपसलं तर मासेच मरतील, म्हणून लमूनने नियम केला, आठवड्याला दोन बादल्या, पाळीपाळीने. आणि कुणी घास टाकायला हात उचलला की अख्खं दुकान ओरडायचं, "पाप लागेल!" सर्वांत मोठा आवाज भात आणणाऱ्या म्हातारीचा. उष्टं बंद झालं तसे किडे आटत गेले, उरलेले भुकेल्या माशांनी वेचले. शेवाळ हिरवंगार झालं. शाळेच्या बाई परतल्या आणि त्यांनी त्याच टेबलासाठी उभं राहून वाट पाहिली.

दुसऱ्या सोडतीच्या आदल्या दिवशी दारात हुआय उभी. हातात कोरी करकरीत बादली. दुकानातल्या काड्या वाजायच्या थांबल्या.

"माझी पाळी कधी?" तिने विचारलं.

"आधी बस." लमूनने तिला टाकीला खेटून असलेल्या टेबलावर बसवलं आणि शेवयांचा वाडगा पुढे ठेवला, सर्वांत बारीक शेवयांचा. हुआयने काचेकडे पाहिलं. नाक जवळ नेऊन, डोळे बारीक करून, वरपासून तळापर्यंत पाहिलं. मग ती खाली बघून जेवू लागली आणि रस्सासुद्धा ठेवला नाही.

"काही वळवळलं?" लमूनने विचारलं.

"नाही," हुआय म्हणाली. "चांगलं रान केलंयस गं."

लमूनला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. गल्ल्यावर ओर्नुमा फोनवर बोलत होती. "देऊळ ना? गाडी पाठवू नका. नाही, पुढेही नाही. आईची टाकी कुठेही जाणार नाही."