गेटवरची दवंडी
यात्रेत हलगी शेकायला उसाचं पाचट पेटवलं, की तापल्या चामड्याचा वास येतो आणि मला कॉलेजचं गेट आठवतं. आमच्या वर्गातल्या एकीला लॅबमध्ये सीनियरनं अडवून अंगाला हात लावला. तक्रार कुठं करायची ते तिला ठाऊक नव्हतं. ती कॉलेज सोडून शिनोलीला, तिच्या गावी, घरी बसली आणि घरचे स्थळं बघायला लागले. आम्ही पोरींनी तक्रार समितीची माहिती कागदावर लिहून नोटीस बोर्डावर लावायला नेली, तर प्राचार्य सर म्हणाले, "बोर्डावर जागा नाही. कॉलेजची बदनामी कशाला?" बोर्ड नसेल तर गावात दवंडी देतात. माझे वडील हलगी वाजवतात. घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, पण हलगी मला त्याआधीपासून येते. मधल्या सुट्टीत गेटापाशी जाळ करून ती शेकली आणि गळ्यात अडकवली. पोरं हसली, "काय राव, तमाशा हाय का?" "हाय की, तुमीबी ऐका," म्हणत मी कडाडून वाजवली. मैत्रिणी ओरडल्या, "ऐका हो ऐका, कुणी अंगाला हात लावला तर समितीच्या मॅडम वरच्या मजल्यावर बसतात हो." सर धावत आले, "बंद करा ते." मी म्हणाले, "कागद लागला की बंद." दुपारी शिपायानं बोर्डाची काच उघडली. दवंडीची बातमी एसटीतून शिनोलीला पोचली. दोन दिवसांनी तिचा बाप तिला घेऊन गेटवर आला. "मॅडमची खोली कुठं हाय?" त्यानं मलाच विचारलं. आजही यात्रेत कुणीतरी म्हणतं, पदवी घेतलीस, आता हलगी सोड. मी ती पुन्हा जाळावर धरते.